संत जनाबाई

संत जनाबाई (मृत्यू : परंपरेनुसार इ.स. १३५०, पंढरपूर) या वारकरी संप्रदायातील संत-कवयित्री होत्या. मराठवाड्यातील गंगाखेड येथे जन्मलेल्या जनाबाई लहानपणीच पंढरपूरला आल्या आणि संत नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या. त्यांचे सारे आयुष्य त्या घरातील दळण-कांडण, पाणी, झाडलोट आणि धुणे यांत गेले. सुमारे ३५० अभंग त्यांच्या नावावर आहेत. घरकाम करणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या कामाविषयी स्वतःच्या नावाने केलेली इतकी विस्तृत आणि इतकी जुनी रचना मराठीत दुसरी नाही. त्यांच्या चरित्राची समकालीन साधने जवळजवळ नाहीत. आज सांगितले जाणारे चरित्र त्यांचे व नामदेवांचे अभंग, अठराव्या शतकातील महिपतींचा 'भक्तविजय' आणि मौखिक परंपरा यांवरून जुळवलेले आहे. त्यामुळे या चरित्रात इतिहास कोठे संपतो व कथा कोठे सुरू होते, हे प्रत्येक टप्प्यावर वेगळे पाहावे लागते.

बालपण आणि पंढरपूरला आगमन

जनाबाईंचा जन्म गोदावरीच्या काठी, आजच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड असे परंपरा सांगते. कुटुंब गरीब होते आणि त्या काळच्या वर्णव्यवस्थेत शूद्र गणले जात होते. आईवडील दोघेही विठ्ठलाचे भक्त असल्याचा उल्लेख येतो. जन्मवर्ष निश्चित नाही. नामदेवांचा जन्म इ.स. १२७० मध्ये झाला असे मानले जाते आणि काही परंपरांनुसार जनाबाई त्याआधीपासूनच त्या घरात होत्या. तसे असल्यास त्या नामदेवांहून वयाने मोठ्या ठरतात व लहानग्या नामदेवांना त्यांनी अंगाखांद्यावर वागवले असले पाहिजे.

त्या पंढरपूरला कशा आल्या याविषयी दोन कथा आहेत. पहिल्या कथेनुसार आई वारल्यावर वडिलांनी मुलीला पंढरपूरला आणले आणि नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामासाठी ठेवले. दुसऱ्या कथेनुसार यात्रेला आलेल्या लहान जनीने विठ्ठलाचे रूप पाहून परत जाण्यास नकार दिला व आईवडील तिला तेथेच सोडून गेले. भाविकांमध्ये दुसरी कथा अधिक प्रिय आहे. पहिल्या कथेत मात्र त्या काळचे सामाजिक वास्तव अधिक स्पष्ट दिसते. पोसणे अशक्य झालेली मुलगी खाऊन-पिऊन सुखी वाटणाऱ्या घरी कामाला ठेवणे, हा गरीब कुटुंबांचा जुना आणि दीर्घकाळ टिकलेला मार्ग होता. दुसऱ्या कथेत ही जबाबदारी वडिलांकडून मुलीच्या भक्तीकडे सरकते. जनाबाईंच्या अभंगांत आई गेली, बाप गेला आणि आता सांभाळणारा विठ्ठलच उरला, असा भाव येतो. त्यात भक्ती आहेच, पण पोरकेपणाही तितकाच आहे.

गंगाखेड ते पंढरपूर हे अंतर आज काही तासांचे असले, तरी तेराव्या शतकातील लहान मुलीसाठी ते परत न येण्याचे अंतर होते. गोदावरीचे खोरे सोडून ती भीमेच्या खोऱ्यात आली. माहेरी परत गेल्याची, कोणी भेटायला आल्याची किंवा लग्न झाल्याची कोणतीही नोंद अथवा कथा नाही.

नामदेवांच्या घरातील काम

दामाशेटींचे घराणे शिंप्याचे होते. ते मूळचे नरसी-बामणी (आजचा हिंगोली जिल्हा) येथील असून पंढरपूरला स्थायिक झाले होते. घरात दामाशेटी, त्यांची पत्नी गोणाई, नामदेव, त्यांची पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे आणि पुढे चार सुना अशी माणसे होती. कुटुंबातील माणसांची नावे सांगणाऱ्या परंपरेतील अभंगात जनीचे नाव सर्वांच्या शेवटी, दासी म्हणून येते. हे घर श्रीमंत नव्हते. नामदेव प्रपंचाकडे लक्ष देत नाहीत, घरात धान्य नाही, अशी गोणाई आणि राजाई यांची तक्रार सांगणारे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत. अशा घरातील ओढाताणीचा भार शेवटी सर्वांत खालच्या माणसावर येतो. जनाबाईंच्या दिनक्रमाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

हा दिनक्रम त्यांच्या अभंगांतून जवळपास पूर्ण उभा राहतो. पहाटे अंधारात उठून जात्यावर बसणे हे पहिले काम. दहा-बारा माणसांच्या भाकरीचे पीठ रोज हाताने दळायचे म्हणजे कित्येक तासांचे कष्ट होते. त्यानंतर साळी उखळात घालून सडायच्या, घर-अंगण झाडायचे, केर पाटीत भरून दूर टाकायचा, सारवायचे, नदीवरून पाण्याच्या घागरी आणायच्या, धुणे धुवायचे, रानात जाऊन शेण वेचायचे व गोवऱ्या थापायच्या. एका अभंगात जनी उपाशीपोटी धुण्याचे गाठोडे काखेत घेऊन नदीकडे निघालेली दिसते. दुसऱ्या एका अभंगात केस विंचरायला, डोक्यातील उवा काढायलाही तिला कोणी नाही. संतकाव्यात असे तपशील क्वचितच आढळतात.

या प्रत्येक कामात विठ्ठल येऊन मदत करतो, हे जनाबाईंच्या रचनेचे वैशिष्ट्य. तो जात्याचा खुंटा धरतो, तिच्याबरोबर पाणी भरतो, झाडलेला केर पाटीत भरून डोक्यावर नेतो, तिचे केस विंचरून वेणी घालतो. भाविक परंपरेने याकडे देवाच्या वात्सल्याचे चित्र म्हणून पाहिले आणि कीर्तनकारांनी ते रंगवून सांगितले. परंतु हेच अभंग दुसऱ्या बाजूने वाचले की मदतीला माणूस कोणीच नव्हता, ही वस्तुस्थिती समोर येते. भरलेल्या घरात जनीच्या जात्याचा दुसरा खुंटा रिकामा होता. देवाने केर उचलण्याची कल्पनाही साधी नाही. समाजाने हलके ठरवलेले काम त्यात सर्वश्रेष्ठाच्या डोक्यावर दिलेले आहे.

घरातील स्थानाविषयी एक अभंग विशेष स्पष्ट आहे. राजाई आणि गोणाई देवाच्या पायांशी आत असतात, आपल्याला मात्र नीच म्हणून दाराबाहेर ठेवले आहे, असे गाऱ्हाणे त्यात मांडले आहे. सण-समारंभाच्या जेवणात सर्वांचे झाल्यावर उरलेले अन्न जनीच्या वाट्याला येते आणि विठ्ठल ते तिच्याबरोबर खायला येतो, अशाही कथा आहेत. नामदेवांनी जनाबाईंना छळल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही. उलट त्यांच्याविषयी जनाबाईंच्या मनात गुरूविषयीचा आदर आहे आणि नामदेवांच्या संगतीमुळेच आपल्याला विठ्ठल भेटला, असे त्या वारंवार सांगतात. गुरू आणि धनी ही दोन्ही नाती एकाच माणसाशी असल्यामुळे या अभंगांतील कृतज्ञता आणि तक्रार एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

दासी या शब्दाचा अर्थ

जनाबाईंनी आपल्या अभंगांत नामयाची दासी जनी अशी नाममुद्रा वापरली आहे. संतपरंपरेत दास हा शब्द नम्रतेने कोणीही स्वतःसाठी वापरतो. त्यामुळे काही अभ्यासक ही मुद्रा आध्यात्मिक मानतात. पण मध्ययुगात दासी हा कायद्याचाही शब्द होता आणि त्याचे काय परिणाम होत, हे तत्कालीन ग्रंथांवरून कळते.

नारदस्मृतीने दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, वारशाने आलेला, गहाण ठेवलेला, यांबरोबर दुष्काळात पोसून वाचवलेला हाही त्यांत एक प्रकार आहे. याच परंपरेत नोकर आणि दास यांच्यातील फरक कामावरून ठरवला आहे. घर, दार, रस्ता व शौचकूप झाडणे, उष्टे व घाण काढणे, धन्याचे अंग रगडणे ही अशुभ कामे दासांची आणि बाकीची कामे नोकरांची, असा तो विभाग आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याण (आजचे बसवकल्याण) येथे विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरा या टीकेतही हा विचार येतो. बसवकल्याण सोलापूरपासून फार दूर नाही आणि मिताक्षरेचा अधिकार महाराष्ट्रात पुढे कित्येक शतके मानला गेला. या विभागणीने पाहिल्यास जनाबाई जी कामे सांगतात, त्यांतील झाडलोट आणि केर-उष्टे ही दासांच्या बाजूला पडतात.

शेजारच्या गुजरातेतील लेखपद्धति या संस्कृत दस्तऐवज-संग्रहात दासीच्या खरेदीपत्राचे नमुने आहेत. त्यांतील काही तेराव्या शतकातील, म्हणजे जनाबाईंच्याच काळाजवळचे आहेत. त्यांत दासीने करावयाच्या कामांची यादी दिली आहे : कापणे, दळणे, सारवणे, झाडणे, सरपण आणणे, पाणी भरणे, घरातील मैला टाकणे, गाई-म्हशींचे दूध काढणे, ताक घुसळणे, शेतावर ताक पोचवणे. मारहाणीमुळे दासी मेली किंवा तिने विहिरीत उडी घेऊन जीव दिला, तर धन्याला दोष लागणार नाही, असेही कलम त्यात आहे. जनाबाईंची खरेदी झाली होती असे कोणतेही साधन सांगत नाही आणि गुजरातचा दस्तऐवज पंढरपूरच्या घराला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दळण, पाणी, झाडलोट, सारवण हा क्रम दोन्हीकडे इतका सारखा आहे की दासी या शब्दाने त्या काळच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहत असेल, याचा अंदाज येतो. एकीकडे ही कामे धन्याने लिहून घेतली आहेत आणि दुसरीकडे ती करणारीने स्वतः सांगितली आहेत.

चोरीचा आळ

जनाबाईंच्या चरित्रातील सर्वांत गंभीर प्रसंग म्हणजे त्यांच्यावर आलेला चोरीचा आळ. जनाबाईंच्या नावावरील काही अभंगांत तो येतो आणि महिपतींनी 'भक्तविजया'त (इ.स. १७६२) विस्ताराने सांगितला आहे. कथेनुसार विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत आला व अंगावरचे दागिने काढून तेथेच झोपला. पहाटे काकडआरतीची वेळ झाल्यावर घाईने निघताना त्याने आपला शेला समजून जनीची वाकळ पांघरली. शेला व रत्नजडित पदक झोपडीतच राहिले. पुजाऱ्यांनी देऊळ उघडले तेव्हा मूर्तीवर जुनी वाकळ होती आणि पदक नव्हते. संशय थेट जनीवर गेला. तिने शपथा घेतल्या, परंतु झडतीत पदक सापडले. मग तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेण्यात आले. तेथे सुळाचे पाणी झाले आणि जनी वाचली. काही ठिकाणी सुळाला पालवी फुटल्याचेही सांगतात.

चमत्कार बाजूला ठेवून पाहिले तर कथेची उभारणी घरकाम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल अशी आहे. मौल्यवान वस्तू हरवते. घरा-देवळात सर्वत्र वावर असलेली, पण पाठीशी नातेवाईक नसलेली बाई पहिल्यांदा आठवते. तिचे म्हणणे ऐकले जाते, पण मानले जात नाही. झडती तिच्याच झोपडीची होते. शिक्षेचा निर्णयही फिर्याद करणाऱ्यांच्याच वर्तुळात होतो. या संपूर्ण प्रसंगात नामदेवांचे कुटुंब तिच्या बाजूने उभे राहिल्याचे कथेच्या प्रचलित रूपांत ठळकपणे दिसत नाही. ज्याच्यामुळे आळ आला, तो देवच तिचा एकमेव साक्षीदार आहे आणि तो ऐन शेवटच्या क्षणी येतो.

प्रसंग ऐतिहासिक आहे की नाही, हे सांगण्यास साधन नाही. मात्र संप्रदायाने आपल्या लाडक्या स्त्रीसंताची कथा रचताना तिच्यावर येणारे संकट म्हणून रोग, पूर किंवा राक्षस निवडला नाही, चोरीचा आळ निवडला. दासीच्या आयुष्यातील सर्वांत मोठे भय कोणते, हे कथा सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना पक्के माहीत होते.

कबीर आणि गोवऱ्यांची कथा याच प्रकारची, पण हलकीफुलकी आहे. जनाबाईंची कीर्ती ऐकून आलेल्या कबीरांना त्या गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडताना दिसल्या. ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी, अशी खूण जनाबाईंनी सांगितली आणि ती खरी ठरली. कबीर हे पंधराव्या शतकातील असल्यामुळे ही भेट घडणे शक्य नाही. आपण थापलेली गोवरी आपलीच असे ठणकावून सांगणारी जनी मात्र लोकांना कथेत हवी होती, असे दिसते.

अभंगरचना

जनाबाई लिहायला शिकल्या होत्या असे दिसत नाही. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची यादी देणारी एक परंपरा आहे. तीत चोखामेळ्यांचा लेखक अनंतभट्ट, सावता माळ्यांचा काशिबा गुरव असे सांगितले असून जनीचा लेखक खुद्द पांडुरंग ठरवला आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा घेता येतो की, त्यांच्या रचना दीर्घकाळ केवळ तोंडी राहिल्या. पुढे त्या नामदेवांच्या गाथेबरोबरच जतन झाल्या. जनी या मुद्रेने नंतरच्या काळातील इतरांनीही रचना केल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ख्रिश्चन नोवेट्स्की यांनी नामदेव-परंपरेच्या २००८ मधील अभ्यासात कर्तृत्वाचा हा प्रश्न व्यक्तीऐवजी लोकस्मृतीच्या अंगाने मांडला आहे.

विठ्ठल-भक्ती, नाममाहात्म्य, ज्ञानदेव-नामदेवादी संतांची स्तुती, कृष्णजन्म व बाळक्रीडा, हरिश्चंद्राख्यान, थालीपाक ही आख्याने असा त्यांच्या रचनेचा पसारा आहे. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, गोरा कुंभार, चोखामेळा या समकालीन संतांचे उल्लेख त्यांच्या अभंगांत येतात. त्यामुळे त्या काळाच्या इतिहासासाठीही ते पाहिले जातात. आख्यानपर रचना आज फारशा वाचल्या जात नाहीत. जनाबाईंचे खरे बळ लहान, बोलक्या अभंगांत आहे.

या अभंगांतील भाषा घरातली आणि अनेकदा भांडणाची आहे. विठ्ठलाला त्या आई म्हणतात, सखा म्हणतात आणि राग आला की शिव्याही देतात. त्याची बायको विधवा होवो, असे म्हणण्यापर्यंत हा राग जातो. धन्याच्या घरात ज्या बाईला आवाज चढवण्याची सोय नव्हती, तिने तो देवापुढे चढवला, असा अर्थ आधुनिक समीक्षकांनी लावला आहे. तो पटण्यासारखा आहे. स्त्रीजन्म मिळाला म्हणून खिन्न होऊ नये, असे सांगणारा अभंगही त्यांचाच. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाईन आणि लोकांनी वेश्या म्हटले तरी चालेल, अशा आशयाचा त्यांचा अभंग तर मराठी संतकाव्यातील सर्वांत धीट रचनांपैकी एक आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनाबाईंकडे कवयित्री म्हणून नव्याने लक्ष गेले. अरुण कोलटकर यांनी त्यांच्या काही अभंगांचे इंग्रजी अनुवाद केले. रूथ वनिता यांनी १९८९ मध्ये 'मानुषी' या नियतकालिकात मुक्ताबाई, जनाबाई आणि बहिणाबाई यांच्यावर एकत्रित लेख लिहिला, तर सुझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय लेखिकांच्या १९९१ मधील संग्रहात जनाबाईंचा समावेश झाला. त्यापूर्वी १९४९ मध्ये 'संत जनाबाई' हा मराठी चित्रपट आला होता. त्यात हंसा वाडकर यांनी जनाबाईंची भूमिका केली होती.

अखेरचा काळ

नामदेवांनी उत्तरेत पंजाबपर्यंत प्रवास केला. त्यांच्या ६१ रचना शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. जनाबाई मात्र पंढरपूर सोडून गेल्याची कथा नाही. त्यांचे जग जाते, नदी, रान आणि देवळाचे दार एवढेच राहिले.

परंपरेनुसार आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२ (इ.स. १३५०) या दिवशी नामदेवांनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी समाधी घेतली आणि त्यांच्या कुटुंबीयांसह जनाबाईंनीही तेथेच देह ठेवला. ही जागा नामदेव पायरी म्हणून प्रसिद्ध आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, असे सांगतात. नामदेवांचा मृत्यू पंजाबातील घुमान येथे झाला, असेही एक मत आहे. तसे असल्यास जनाबाईंच्या मृत्यूची ही तिथीही केवळ पारंपरिक ठरते.

भीमाकाठची लोकस्मृती

पंढरपूरपासून जवळच असलेल्या गोपाळपूर येथील गोपाळकृष्णाच्या मंदिरात जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवले जाते. त्यांचा संसारही तेथे मांडून ठेवला आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. त्या वेळी हजारो वारकरी, विशेषतः स्त्रिया, या जात्याला हात लावून जातात. जन्मगावी गंगाखेड येथेही जनाबाईंचे मंदिर आहे.

तथापि जनाबाई सर्वांत जास्त जिवंत राहिल्या त्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये. महाराष्ट्राच्या खेड्यांत पहाटे दळताना गायल्या जाणाऱ्या ओव्यांत विठ्ठल, रुक्मिणी आणि जनी हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येते. रुक्मिणी रुसते, विठ्ठल जनीकडे दळायला जातो आणि दळणारी बाई स्वतःला जनीच्या जागी पाहते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून अशा लाखाहून अधिक ओव्या गावोगावी फिरून गोळा केल्या.

पंढरपूरच्या वरच्या अंगाला भीमेच्या काठाने वसलेल्या माढा, करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील गावे वारीच्या प्रदेशातलीच आहेत. संत तुकारामांची पालखी इंदापूरवरून पुढे पंढरपूरला जाते. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात नदीकाठची अनेक जुनी गावे गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते. ज्या वाळवंटात जनीचा सूळ रोवला गेल्याचे सांगतात, तेथील चंद्रभागेचे पाणीही आता पावसाळा सोडला तर मुख्यतः उजनीतून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडले जाते. याच अर्धशतकात गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, घरातली जाती कोपऱ्यात गेली आणि पहाटेच्या ओव्याही बहुतांशी थांबल्या.

घरकामगारांच्या संदर्भात

१९७२ च्या दुष्काळात सोलापूरसह मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागांतून असंख्य कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली आणि त्यांतील अनेक स्त्रिया धुणी-भांड्यांच्या कामाला लागल्या. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढ आणि सुट्टीसाठी संप केला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, आजारपणातील रजा आणि चोरीच्या आळातून होणारा पोलिसी त्रास हे प्रश्न महाराष्ट्रातील घरकामगारांच्या चळवळीत पुढेही सतत येत राहिले. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ मध्ये संमत झाला.

महाराष्ट्र शासनाच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात घरकाम करणाऱ्या महिलांसाठी संत जनाबाई सामाजिक सुरक्षा व कल्याण योजना जाहीर करण्यात आली. तिच्या कल्याण निधीसाठी २५० कोटी रुपयांचे बीजभांडवल घोषित झाले. जनाबाईंचे नाव मंदिर, महाविद्यालय आणि पालखी यांना पूर्वीपासून होते. त्यांच्या कामाशी त्यांचे नाव शासकीय कागदावर जोडले गेले ते या घोषणेने.

घर सोडून दूरच्या घरात राहून काम करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न जगभर मोठा आहे. फिलिपिन्ससारख्या देशातील लाखो स्त्रिया हाँगकाँग, सिंगापूर आणि आखाती देशांत घरकाम करतात. वेतन अडवून ठेवणे, पारपत्र काढून घेणे, अपुरे अन्न, मारहाण आणि खोटे आळ यांच्या तक्रारी तेथून सातत्याने येतात. सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासियन या फिलिपिनो घरकामगार स्त्रीला खुनाच्या आरोपाखाली १९९५ मध्ये फाशी देण्यात आली. तेव्हा ती निर्दोष असल्याच्या भावनेतून फिलिपिन्समध्ये मोठा जनक्षोभ उसळला आणि त्याच वर्षी त्या देशाने परदेशातील कामगारांच्या संरक्षणाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा १८९ वा करार स्वीकारला. साप्ताहिक सुट्टी, किमान वेतन, लेखी अटी आणि कामाच्या घरात राहणाऱ्यांसाठी सभ्य निवासाची हमी त्यात आहे. फिलिपिन्सने २०१२ मध्ये या कराराला मान्यता दिली. भारताने तो स्वीकारताना बाजूने मत दिले होते, परंतु त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.